४०९६चे १०,४८,५७६ कसे होतात? ड्रायव्हरमधला ‘बाइट ऑर्डर’चा घोळ समजून घ्या

मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो. आधी पाच, मग वीस. इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’, आधी वीस. कॉम्प्युटरच्या मेमरीतही असाच भेद आहे. संख्या अनेक बाइट्समध्ये साठवताना लहान किमतीचा बाइट आधी आला तर ‘लिटल एंडियन’, मोठ्या किमतीचा आधी आला तर ‘बिग एंडियन’. (‘एकशे पंचवीस’मध्ये तर शतक, एकक, दशक असा क्रम! जुन्या पीडीपी-११ मशीनमध्येही ३२ बिटी संख्यांचा क्रम असाच मिश्र असे.)

ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यातला दुभाषा म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. समजा, त्याने नेटवर्क कार्डाला मेमरीतली ४०९६ बाइट्सची जागा दिली. बिग एंडियन प्रोसेसर ही संख्या ०, ०, १६, ० अशी लिहितो. लिटल एंडियन कार्ड तेच बाइट्स उलट्या बाजूने मोजते आणि १०,४८,५७६ वाचते. चार केबीच्या जागेत एक एमबी! कार्ड मेमरीत थेट लिहीत असेल, तर शेजारचा भलताच डेटा पुसला जाऊ शकतो.

खरी गोम पुढेच आहे. इंटेल-एएमडीचे लॅपटॉप आणि आजचे फोन लिटल एंडियन, पीसीआय आणि यूएसबीही तसेच. त्यामुळे क्रम बदलायला विसरलेला ड्रायव्हरही लॅपटॉपवर बिनबोभाट चालतो. तोच आयबीएमच्या बिग एंडियन मेनफ्रेमवर गेला की बिंग फुटते.

लिनक्स कर्नलने यावर साधा तोडगा काढला आहे. उपकरणासाठीच्या संख्येवर ‘एलई३२’ किंवा ‘बीई३२’ असे प्रकाराचे लेबल लावायचे आणि ‘सीपीयू टू एलई३२’सारख्या तयार फंक्शनने सीमेवरच रूपांतर करायचे. जिथे क्रम आधीच जुळतो, तिथे ही फंक्शन्स काहीच बदलत नाहीत. वेगही कमी होत नाही. लेबल नसलेली संख्या लेबलच्या जागी भरली, तर लायनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘स्पार्स’ हे टूल प्रोग्राम चालवण्याआधीच इशारा देते. प्रोसेसर कोणता हे पाहून जागोजागी ‘इफ’ लावत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

अतिउत्साहही नडतो. उपकरणाचे रजिस्टर वाचणारे ‘रीडएल’ फंक्शन लिटल एंडियनमधून रूपांतर स्वतःच करते. त्यावर पुन्हा ‘एलई३२ टू सीपीयू’ लावले, तर बिग एंडियन मशीनवर बाइट्स दोनदा उलटतात आणि ४०९६चे पुन्हा १०,४८,५७६ होतात.