आगीची घंटा : लाइट गेली तरी

गेल्या खेपेला सेर्बेरस कंपनीच्या धूर हुंगणाऱ्या डबीची गोष्ट सांगतो म्हटलं होतं. ती आज राहू द्या. हिवरखेडहून एका जिनिंगवाल्या वाचकाचं पत्र आलंय : "भाऊ, तुमी भोंग्याचं लय सांगता. आमच्या इथं लाइट गेली तं तो वाजन का?"

बॅटरीवर वाजतो, हे पुस्तकी उत्तर. पण जिनिंगमधल्या बॅटऱ्या मी पाहिल्यात : टोकांना पांढरा खार आणि वर बोटभर रुईचा थर. तेव्हा आज त्या एकाच घंटेबद्दल लिहितो, जिला वीज लागतच नाही.

स्प्रिंकलरच्या मुख्य नळावर एक जड बिडाचा व्हॉल्व्ह असतो. आत झडप. एरवी ती आपल्या बैठकीवर गच्च बसलेली. वर छताखालचा एखादा स्प्रिंकलर उघडला की पाणी धावतं, झडप उचलली जाते आणि बैठकीतली खाच मोकळी होते. त्या खाचेतून थोडं पाणी एका बारीक नळीत शिरतं, आधी एका छोट्या डब्यात भरतं आणि मग भिंतीबाहेरच्या वाटीएवढ्या पाणचक्कीवर आपटतं. चक्की फिरली की हातोडी घंटेवर पडते. मधला डबा कशाला? नळातला दाब अधूनमधून उसळतो. तेवढ्यानं घंटा वाजायला नको, म्हणून डबा भरेपर्यंतचा उशीर मुद्दाम ठेवलेला. आग विझवणारं पाणीच आगीची वर्दी देतं. या धंद्यात याहून सुरेख चीज मी पाहिलेली नाही.

या स्प्रिंकलरची वंशावळ कापसाशी जोडलेली आहे, म्हणून वऱ्हाडाला ती परकी वाटू नये. न्यू हेवनच्या हेन्री पार्मलीनं 1874 मध्ये आपला पियानोचा कारखाना वाचवायला स्वयंचलित स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं. ते बनवून द्यायचं काम गेलं प्रॉव्हिडन्सच्या फ्रेडरिक ग्रिनेलकडे. त्याचा धंदा वाफेचे आणि गॅसचे नळ जोडण्याचा. दुसऱ्याचा माल बनवता बनवता त्याला त्यातल्या खोडी दिसल्या आणि 1881 मध्ये त्यानं स्वतःचा, अधिक चलाख स्प्रिंकलर काढला. पुढं 1883 मध्ये मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅटचे विल्यम मॅथर अमेरिकेला गेले आणि तिथून ग्रिनेलच्या स्प्रिंकलरचे अमेरिकेबाहेरचे हक्क घेऊन आले. त्याच फेरीत त्यांनी एडिसनच्या डायनामोचेही हक्क मिळवले. माणूस बाजाराला गेला की पिशवी भरूनच येणार! मॅथर अँड प्लॅटची गिऱ्हाइकं म्हणजे कापड गिरण्या. तेलानं मुरलेल्या लाकडी फरश्या, हवेत तरंगणारा कापूस. त्यांना हा माल विकायला फार बोलावं लागलं नसणार.

आपल्या विदर्भात पहिली कापड गिरणी नागपूरची. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली, कापूस पिकतो तिथंच सूत काढायचं म्हणून. देशात स्वयंचलित स्प्रिंकलर सगळ्यात आधी बसले ते तिथंच, असं टाटांचा इतिहास सांगतो.

ग्रिनेल आणि मॅथर या दोन घरांचं पुढं काय झालं, तेही मौजेचं आहे. ग्रिनेल 1976 मध्ये टायको कंपनीकडे गेली. मॅथर अँड प्लॅट 1978 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉर्मल्डनं घेतली आणि 1990 मध्ये वॉर्मल्डच टायकोनं गिळली. 1883 ची वाटणी शंभर वर्षांनी एकाच चुलीवर आली. मॅथर अँड प्लॅटचा आपल्या चिंचवडचा पंपांचा कारखाना मात्र वेगळ्या वाटेनं विलो कंपनीच्या घरात गेला.

हिवरखेडकरांसाठी एक सूचना, ती विसरू नका. स्प्रिंकलरच्या काचेच्या कुपीतल्या रंगावरून ती कधी फुटणार ते कळतं : नारिंगी 57 अंशांना, लाल 68 ला, पिवळी 79 ला, हिरवी 93 ला. शहरात सगळीकडे लाल. पण मे महिन्यात आपल्या टिनाखाली, आढ्याजवळ, हात लावून बघा. तिथं लाल कुपी म्हणजे आगीविना पाऊस. पिवळी किंवा हिरवीच मागा. आणि सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम उघडत नाहीत. ज्याच्याखाली तापलं तोच फुटतो.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिनिंगमध्ये मी चाचणीला गेलो होतो. भारनियमन चालू, सरकी काढणारे रेचे गप्प. टाकी मनोऱ्यावर होती, त्यामुळे पाण्याला पंपाची गरज नव्हती. मी चाचणीचा कॉक उघडला. नळात गुरगुर झाली. अर्धा मिनिट गेला, एक गेला. घंटा गप्प. बाहेर जाऊन पाहतो तर दिवाळीच्या रंगरंगोटीत पेंटरनं घंटा आणि हातोडी मिळून एकच लाल गोळा करून टाकलेला. पोपडे खरवडले, गाळणीत कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर होतं, तेही काढलं. पुन्हा कॉक उघडला.

या वेळी जी वाजली, ती सरकीच्या ढिगाआडून झोपलेले हमाल उठून येईपर्यंत वाजत राहिली. त्यातल्या म्हाताऱ्यानं नळीला कान लावला, हात पुसला आणि विचारलं, "आन टाकीच रिकामी असली तं?"

तिथल्या टाकीत त्या दिवशी पाणी किती आहे, हे पाहायला आम्ही दोघं शिडी चढलो. सेर्बेरस पुढच्या आठवड्यात.