खाऱ्या मातीतली मिस्वाक

रमजान जवळ आला की मशिदीच्या दारात अत्तर, टोप्या आणि खजुरांच्या शेजारी मिस्वाकच्या काड्या विकायला येतात. गेल्या वर्षी आम्ही त्यातली एक वर्गात नेली आणि मुलांना विचारले, ही कोणत्या झाडाची? कुणी कडुनिंबाचे नाव घेतले, कुणी बाभळीचे. एक जण म्हणाला, "अरबस्तानातल्या झाडाची." उत्तर बरोबर होते, पण अर्धेच.

हे झाड म्हणजे अराक. उर्दूत पीलू, राजस्थानात खारा जाळ, वनस्पतिशास्त्रात साल्वाडोरा पर्सिका. आफ्रिकेपासून अरबस्तान, सिंध आणि कच्छपर्यंत ते वाढते. जिथे जमिनीवर मिठाचा पांढरा थर येतो, इतर झाडे होरपळतात, तिथे हे झुडूप बारा महिने हिरवे राहते. त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात. वाऱ्याने उडणारी वाळू त्यांच्यात अडकते, हळूहळू ढीग होतो आणि झुडूप त्या ढिगातूनच वर येत राहते. वाळू जागच्या जागी थांबते. भोवती गवत उगवते, पाखरे फळे खाऊन बी दूर नेतात, उंट-शेळ्यांना पाला मिळतो. सहाबा अराकची फळे तोडत होते तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी काळी पडलेली फळे घ्यायला सांगितले, असा उल्लेख सहीह बुखारीत आहे. आपण कधी मेंढ्या चारल्या होत्या का, असे सहाबांनी त्यावर विचारले. ही माहिती रानात गुरे राखणाऱ्यालाच असते, हे त्यांनी ओळखले होते.

आता उरलेले अर्धे उत्तर. सुट्टीत आम्ही रायगडकडे नातेवाइकांकडे गेलो होतो. खाडीकाठी, कांदळवनाच्या मागे, जाडसर पानांचे एक झुडूप दिसले. मामूंनी नाव सांगितले, "खाकण." पान चावून पाहिले तर मोहरीसारखा तिखटपणा जिभेवर आला. तोच अराक! वाळवंट आणि कोकणची खाडी यांत पावसाचे साम्य काहीच नाही, पण मातीतले मीठ दोन्हीकडे आहे. ते सोसणाऱ्या या झाडाला दोन्ही घरे मानवतात.

तो तिखटपणाच औषधी आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुळातील बेंझाइल आयसोथायोसायनेट हे द्रव्य हिरड्यांच्या रोगाशी संबंधित काही जिवाणूंना मारते, असे प्रयोगशाळेत दिसले. म्हणून दात किडला तरी मिस्वाकवरच भागवावे, असे मात्र नाही. त्यासाठी दंतवैद्यच हवा. आणि आडवी जोरात घासली तर हिरड्या मागे सरतात.

मिस्वाकसाठी बहुतेक वेळा मूळच काढतात. एका बाजूची थोडी मुळे काढली तर झुडूप तग धरते. चारी बाजूंनी उकरले की ते वाळते आणि त्याने धरलेली वाळू पुन्हा उडू लागते.

गुग्गुळाचे असेच झाले आहे. घरात लोबानाबरोबर आपण जो गुग्गुळ जाळतो, तो कच्छ-राजस्थानातल्या एका काटेरी झुडपाचा डिंक. हे झुडूप फार सावकाश वाढते. खोडाला बेताची खाच दिली तर ते पुढच्या वर्षीही डिंक देते. पण जास्त डिंक मिळावा म्हणून खोल घाव घालतात, त्यात रसायन भरतात आणि झुडूप मरते. जगातील धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत ते आज 'अतिसंकटग्रस्त' आहे. कोलेस्टेरॉलवरचा उपाय म्हणून त्याच्या गोळ्या खपतात. पण अमेरिकेत १०३ लोकांवर ८ आठवडे गुग्गुळाच्या अर्काची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले: अर्क घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, उलट थोडे वाढले, काहींच्या अंगावर पुरळ उठले. ज्याचा उपयोग असा शंकास्पद, त्यासाठी झुडूप मारायचे, हे आम्हाला पटत नाही.

सना मक्की, म्हणजे सोनामुखी, हेही कोरड्या प्रदेशातलेच झुडूप. बद्धकोष्ठावर तिचा गुण नक्की आहे. रात्री घेतली की सकाळी पोट साफ होते. हदीसमध्येही तिचे नाव येते. पण २०२० मध्ये ती कोरोनावरचा उपाय असल्याची अफवा पाकिस्तानात पसरली आणि तिचे भाव भडकले. तसा कोणताही पुरावा नव्हता. रोज घेत राहिल्यास जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम घटते. लहान मुले आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये.

पुन्हा मिस्वाककडे. ताजी, सहज वाकणारी काडी घ्यावी. टोकाची साल अर्धा इंच काढून ते चावून मऊ करावे आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलकेच फिरवावे. वापरल्यावर धुऊन हवेशीर ठेवावी, खिशात कोंबू नये. तंतू झिजले की फक्त तेवढे टोक कापायचे. आमच्या घरी अशी एक काडी बरेच दिवस पुरते. मुले मात्र आठवडाभरात हरवतात आणि नवी मागतात.