फाशांवरचे मॅमथ

वर्गात वीस फासे. प्रत्येक फासा एक मॅमथ, प्रत्येक फेरी एक वर्ष. एक पडला तर पिल्लू जन्मले, फासा वाढवा. दोन किंवा तीन पडले तर मॅमथ मेला, फासा काढा. (आकडे खेळापुरते, खरा कळप इतक्या घाईने संपत नसतो.) अमेरिकेतील काही शाळांत असा खेळ खेळवतात. सरासरीने कळप दरवर्षी एक षष्ठांश घटतो: चौथ्या वर्षी साधारण दहा, आठव्या वर्षी पाच. आलेख सरळ उतरत नाही, वाकतो. कारण किती मरणार, हे किती उरलेत त्यावर ठरते.

'एमआयटी'तले विद्युत अभियंते जे फॉरेस्टर यांनी 1956 पासून हाच विचार कारखान्यांना लावला. कुठलाही साठा पाण्याच्या टाकीसारखा, आवक-जावकीवर चालणारा. आणि साठाच पुन्हा त्या तोट्या फिरवतो. 1980च्या दशकात बॅरी रिचमंड यांच्या 'स्टेला' या सॉफ्टवेअरमुळे अशा टाक्या पडद्यावर जोडता येऊ लागल्या. 'एमआयटी'तून निवृत्त झालेल्या गॉर्डन ब्राउन यांनी ते ॲरिझोनातल्या टूसॉनमधील एका शाळेत नेले. कलनशास्त्राचा गाभा, सूत्रांविना!

तरी सुरुवात फाशांनीच व्हावी, असे मला वाटते. संगणक सुबक वक्र लगेच काढतो, पण मग तो वाकला का, हे विचारायचे राहून जाते. फासे हातात असले की मुले नियम बदलून बघतात. शिकारीसाठी मृत्यूचा आणखी एकच आकडा वाढवला, तर चार वर्षांऐवजी दोनाच्या आतच कळप निम्मा होतो.