पाण्यात पडलेला मेटल डिटेक्टर आणि न सापडलेल्या चार सळया

गेल्या ऑक्टोबरमध्ये आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी माझा पाय शेवाळावर घसरला. मला काही झालं नाही, पण हातातला मेटल डिटेक्टर गुडघाभर पाण्यात गेला. डिटेक्टर माझा नव्हता, विभागाचा होता. रजिस्टरमध्ये सही करून आणलेला. पाच-सात सेकंदांत मी तो बाहेर काढला आणि तुम्ही कराल तेच करायला गेले. सुरू होतोय का ते बघायला बटणाकडे बोट नेलं.

काठावर होडीतलं पाणी उपसत बसलेले काका ओरडले, "अगो, बटण दाबू नको! आधी सेल काढ."

त्या एका वाक्यामुळे यंत्र वाचलं. पुढच्या दोन आठवड्यांत मात्र माझा डेटा जवळजवळ बुडाला होता, आणि ते कसं झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. संशोधनाची तयारी करताना आपण पद्धती शिकतो, सांख्यिकी शिकतो. पण फील्डवर एखादं यंत्र भिजलं तर काय करायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

किनाऱ्याच्या अभ्यासात मेटल डिटेक्टर कशाला?

पुष्कळांना वाटतं की मी गुप्तधन शोधते. तसं काही नाही. कोकणातल्या पुळणींवरची वाळू पावसाळ्यात लाटा ओढून नेतात आणि पावसाळा संपला की ती हळूहळू परत येते. किती गेली आणि किती परत आली हे मोजायला आम्ही मे महिन्यात बांधकामाच्या 12 एमएमच्या सळया वाळूत ठोकतो. प्रत्येक सळईच्या डोक्यावर तळहाताएवढी लोखंडी चकती असते. चकतीची उंची मोजून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये परत जाऊन चकतीवर किती वाळू चढली किंवा चकतीखालची किती वाळू गेली ते मोजतो.

अडचण अशी की वाळूखाली गेलेली चकती दिसत नाही. हातातल्या साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असू शकते. तेवढ्या जागेत फावड्याने खणत बसलो तर भरती येते. म्हणून मेटल डिटेक्टर.

त्याच्या गोल थाळीत तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र वाळूत उतरतं. खाली धातू असेल तर त्या धातूत प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षुल्लक क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं ते पकडतं. हा परत येणारा संकेत फार अशक्त असतो आणि खोली वाढली की झपाट्याने कमी होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याने यंत्र मरत नाही. पाणी, मीठ आणि वीज एकत्र आली की मरतं

बहुतेक जमिनीवरच्या डिटेक्टरांची थाळी जलरोधक असते, कारण ती ओल्या गवतातून आणि वाळूतून फिरवायचीच असते. वरची पेटी, जिच्यात सर्किट, स्क्रीन आणि सेल असतात, ती मात्र पुष्कळदा जलरोधक नसते. माझी नव्हती.

शुद्ध पाणी विजेचं फारच वाईट वाहक आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात मात्र साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वाहकता नळाच्या पाण्याच्या ढोबळमानाने शंभरपट असते. माझ्या यंत्रात चार पेन्सिल सेल, म्हणजे 6 व्होल्ट. सर्किट बोर्डावरच्या दोन तांब्याच्या रेषांमध्ये खारं पाणी आणि त्यांच्यात व्होल्टेज, म्हणजे शाळेत केलेला विद्युत विघटनाचा प्रयोगच. धन बाजूचं तांबं विरघळतं, ऋण बाजूला जाऊन बसतं, मधे हिरवट-निळसर थर जमतो. बारीक रेषा काही मिनिटांतसुद्धा खराब होऊ शकते. सेल काढले की हा प्रयोग थांबतो. त्यानंतरही गंज चढतो, पण तुमच्या हाताशी काही तास असतात.

म्हणून यंत्र "चालतंय का" हे बघण्याइतकं महागडं कुतूहल दुसरं नाही.

काय करायचं, क्रमाने

पहिल्या मिनिटात सेल काढा. यंत्र सुरू असेल तर बंद करण्यात वेळ घालवू नका, थेट सेलच काढा. आत लिथियमची रिचार्जेबल बॅटरी असेल आणि ती निघत असेल तर काढून बाजूला, जळणार नाही अशा जागी ठेवा. भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, ती गेली असं समजा. यंत्र झटकू नका. झटकल्याने कोरड्या भागातही पाणी शिरतं. जिथून पाणी शिरलं ती बाजू खाली करून निथळू द्या.

पाणी खारं असेल तर पुढची पायरी विचित्र वाटेल. यंत्र पुन्हा भिजवायचं, पण गोड्या पाण्याने. खारं पाणी वाळलं की मीठ आत राहतं आणि कोकणातल्या दमट हवेत ते मीठ परत ओल धरतं. मी पिण्याच्या बाटलीतलं पाणी सेलच्या खणातून आणि पेटीवरून सोडलं.

खोलीवर आल्यावर पेटी उघडायची. त्याआधी दोन फोन करा. एक यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना आणि एक गाइडना. वॉरंटी बाकी असेल तर स्क्रू काढल्याने ती जाऊ शकते, आणि हा निर्णय एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. ओरडा बसेल या भीतीने मुलं इथेच गप्प बसतात आणि यंत्र तसंच कपाटात ठेवून देतात. तीन महिन्यांनी दुसरा कोणीतरी ते फील्डवर नेतो आणि तिथे कळतं. असं करू नका. मला फोनवर दोन वाक्यं ऐकावी लागली आणि मग "उघड" असं उत्तर आलं.

उघडण्याआधी प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवणार नाही. बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच, पण बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारी बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. मग मऊ ब्रश आणि 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पाण्याला बरोबर घेऊन लवकर उडून जातं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ शेगडी किंवा उदबत्ती नको, कारण ते पटकन पेट घेतं. स्क्रीनवर आणि स्पीकरच्या पडद्यावर ते लावू नका. बटणांची चपटी पट्टी, हेडफोनचं भोक आणि वायरींचे प्लग ही पाण्याची लपायची ठिकाणं, तिथे जास्त वेळ द्या.

सेल फुटून पांढरं काही बाहेर आलेलं दिसलं तर तो अल्कलाइन सेलमधला क्षार आहे. हातमोजे घाला आणि कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग डिस्टिल्ड वॉटरने.

वाळवायला टेबल फॅन उत्तम. हेअर ड्रायरच्या गरम हवेने प्लास्टिक वाकतं आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. तांदळाच्या डब्याचा उपाय घरोघरी सांगतात, पण तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची पूड आत जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. मी एक दिवस फॅनखाली आणि तीन दिवस डब्यात ठेवला.

थाळीलाही विसरू नका. तिच्या खाली जे प्लास्टिकचं झाकण असतं ते काढा, त्यात ओली वाळू अडकते आणि उगाच आवाज येतात. दांड्याच्या नळ्या वेगळ्या करून धुवा, नाहीतर वाळूने त्या एकमेकींत जाम होतात.

सुरू झाला. म्हणजे बरा झाला का?

चार दिवसांनी नवे सेल घातले. स्क्रीन लागली. चमचा समोर धरला तर आवाज आला. मी इतकी खूश झाले की दुसऱ्याच दिवशी आंजर्ल्याला परत गेले, कारण अमावास्येची मोठी ओहोटी संपत आली होती.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या सहा सळया शोधायच्या होत्या. दोन सापडल्या, एकीवर 9 सेंटिमीटर वाळू होती, दुसरीवर 14. चार सापडल्या नाहीत. वहीत मी लिहिलं, "4 सळया वाहून गेल्या. तीव्र धूप." संध्याकाळी गाइड मॅडमना उत्साहाने फोन केला. त्यांनी धुपीबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तो आता किती अंतरावरून ऐकतोय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नशिबाने तुलना करायला एक आकडा होता. मे महिन्यात मी गंमत म्हणून एक चाचणी केली होती. थाळी लाकडी बाकावर ठेवायची आणि चकती हळूहळू लांब न्यायची. आवाज बंद होतो ते अंतर मोजायचं. तेव्हा ते 40 सेंटिमीटर होतं. आता त्याच बाकावर, त्याच चकतीने, नव्या सेलवर 26 आलं. हवेत 26, म्हणजे ओल्या खाऱ्या वाळूत त्याहूनही कमी.

आता विचार करा. यंत्र बंद पडलं असतं तर मी काहीच मोजलं नसतं, कुणाचं नुकसान झालं नसतं. पण ते अर्धवट बरं झालं होतं. उथळ सळया त्याला ऐकू येत होत्या, खोल गेलेल्या येत नव्हत्या. खोल गेलेली सळई म्हणजे जिच्यावर सगळ्यात जास्त वाळू चढली ती. नेमकी तीच मी "धूप" म्हणून लिहिली. म्हणजे चूक इकडे-तिकडे विखुरलेली नव्हती. तिला दिशा होती आणि ती खऱ्या उत्तराच्या बरोबर उलट होती. अशी चूक जास्त नमुने घेऊन सरासरी काढल्याने जात नाही.

थाळीची वायर पेटीला जिथे लागते तो प्लग मी धुतला नव्हता. उघडून बघितला तर पिनांवर हिरवट थर. ब्रश आणि अल्कोहोलने साफ केला, पुन्हा चाचणी घेतली: 39. पुढच्या पौर्णिमेच्या ओहोटीला तीच रांग पुन्हा केली. चारपैकी तीन सळया सापडल्या, 22, 25 आणि 28 सेंटिमीटर वाळूखाली. चौथी आजही सापडलेली नाही. तिच्यापुढे मी "सापडली नाही" एवढंच लिहिलं आहे.

1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच तत्त्वावरचं यंत्र नेलं होतं. आधी तपासून घेतलेलं यंत्र, तरी गोळीची जागा सापडली नाही. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला असं सांगतात. यंत्र काय सांगतंय हे ते कोणत्या अवस्थेत आणि कुठे वापरतोय यावर ठरतं, हे तेव्हापासूनचं आहे.

तुमच्यासाठी, आजच करता येईल असं

तुमचं यंत्र मेटल डिटेक्टर नसेल. पीएच मीटर असेल, तापमानाचा लॉगर असेल, ध्वनिमुद्रक असेल. तरी गोष्ट तीच. ते धडधाकट आहे तेव्हाच एक साधी, पुन्हा करता येईल अशी चाचणी घ्या. आकडा, तारीख, जागा आणि सेल नवे की जुने हे फील्डच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जागा तीच ठेवा, कारण ट्यूबलाइट आणि मोबाइलनेही फरक पडतो. यंत्र पडलं, भिजलं, दुरुस्त होऊन आलं की पहिल्यांदा तीच चाचणी घ्या.

वहीत जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते वेगळ्या रकान्यात. "सापडली नाही" हे निरीक्षण आहे, "वाहून गेली" हा निष्कर्ष. माझ्या वहीतली ती चूक मी खोडरबरने पुसली नाही. एक आडवी रेघ मारली, शेजारी तारीख आणि कारण लिहिलं. अपघाताआधीचा आणि नंतरचा डेटा वेगळा ओळखता येईल अशी खूणही केली.

आणि हो, आता पेटीला जाड प्लास्टिकची पिशवी रबर लावून बांधलेली असते, दांड्याला मनगटात अडकवायची दोरी आहे, आणि बॅगेत स्क्रू ड्रायव्हर आणि एक लिटर गोडं पाणी जास्तीचं असतं. काका भेटले की विचारतात, "सेल काढलेस ना?" आता मी त्यांना चाचणीचा आकडाही सांगते.