खाद्यतेलावर ट्रक चालतो, मग ते थेट टाकीत का ओतू नये?

तळून उरलेल्या तेलावर ट्रक चालतो का? चालतो, पण तेलावर प्रक्रिया केल्यावर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. मात्र साधे खाद्यतेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही. ते अर्धवट जळते आणि नोझल, पिस्टन रिंगवर काजळी साचते.

तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की बायोडिझेल तयार होते. त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळ जातो. देशात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे.

म्हणून ‘बायोडिझेल’च्या नावाने स्वस्त तेल मिळाले, तर त्यावर प्रक्रिया झाली आहे का, हे आधी तपासा. नाहीतर डिझेलवर वाचलेले पैसे इंजेक्टर बदलण्यात जातील.