पाण्याच्या मुळाकडे, सायकलवरून



दर अंकात या पानावर मी लागणीचे अंतर, बेणे प्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडव्यातील पाचट यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय सायकलीचा आहे. "साहेबांना काम उरलेलं दिसत नाही" असे कोणी म्हणेल. म्हणावे, पण शेवटपर्यंत वाचून मग म्हणावे, ही विनंती.

सायकल मला नवी नाही. कृषी पदविका घेऊन कारखान्यात लागलो तेव्हा मोटारसायकल घेण्याइतका पगार नव्हता. पहिली दोन वर्षे ऊस नोंदीसाठी पाणंदीतून सायकलच हाणली. पुढे गाडी आली आणि पाणंदीची ओळखच तुटली. गाडीवरून नुसते शेत दिसते. सायकलवरून बांध दिसतो, पाट दिसतो आणि फुटलेल्या पाटातून वाहून जाणारे पाणीही दिसते.

गेल्या वर्षी आपल्या एका सभासदांच्या नातवाने पुण्याहून नव्या तऱ्हेची सायकल आणली. तिला 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चांगले ४० ते ४५ मिलिमीटर रुंद आणि गिअर चढणीला हलके. म्हणजे डांबरावरही पळते आणि खडी-मुरुमावरही रुतत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ सालापासून अशा खडीच्या रस्त्यांवरची दोनशे मैलांची शर्यत भरते. तिथले रस्तेही शेतकऱ्यांच्या वहिवाटीचेच आहेत. मी त्या पोराला म्हणालो, "अरे, मुरुमाच्या रस्त्याला कॅन्ससला कशाला जायचं? आपल्याकडं काय कमी आहे?"

त्यातून बेत ठरला. गळीत हंगाम संपल्यावर मे महिन्यात आम्ही पाच जण निघालो. आपल्या कार्यक्षेत्राला पाणी देणाऱ्या भोगावती आणि दुधगंगा या दोन्ही नद्यांच्या धरणांपर्यंत जायचे होते. दोन सायकली नव्या तऱ्हेच्या होत्या, तीन साध्याच. राधानगरीपर्यंत सायकली छोट्या हत्तीत टाकून नेल्या.

पहिल्या दिवशी पहाटे राधानगरी सोडली. फेजिवड्याजवळ धरण लागते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचे काम हाती घेतले. १९२२ साली महाराज गेले. काम अनेक वर्षे रखडत पूर्णत्वास गेले ते १९५७ च्या सुमारास. साठा सुमारे साडेआठ टी.एम.सी. धरण भरले की याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, हे पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतोच.

धरणापासून दाजीपूरपर्यंतचा रस्ता बराचसा जलाशयाच्या कडेने आणि झाडीतून जातो. मोठा रस्ता गाड्यांचा आहे. आम्ही जमेल तिथे गावकऱ्यांना विचारून कडेच्या मुरुमाच्या वाटा धरल्या. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस हिरडा, जांभूळ, अंजनी यांची गर्द झाडी. करवंदीच्या जाळ्या लगडलेल्या. चढण लागली की उतरून ढकलायचे, त्यात लाज नाही. मे महिन्यातही झाडाखालची माती ओलसर लागते. पालापाचोळ्याचा थर हाताने बाजूला केला की खाली काळी, भुसभुशीत माती. मी तिथेच पोरांना म्हणालो, "पाचट कुजवा म्हणून मी ओरडतो ना? ते हे. रान हे काम फुकट करतंय."

हे अभयारण्य प्रथम १९५८ साली दाजीपूरच्या गव्यांसाठी राखले गेले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दाजीपूरच्या बाजूस तो त्याच्या तिपटी-चौपटीने कोसळतो. हे पाणी रानातली माती धरून ठेवते आणि झिरपत झिरपत खाली सोडते. झाडी गेली तर तेच पाणी माती घेऊन एकदम धरणात येईल. आपल्या सरीतल्या पाण्याची पहिली टाकी धरण नव्हे, हे रान आहे.

दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून दुधगंगेच्या खोऱ्यात उतरलो. काळम्मावाडीचे धरण पंचवीस टी.एम.सी.चे, म्हणजे राधानगरीच्या तिप्पट. मे महिन्यात पाणी बरेच खाली गेलेले असते. उघड्या पडलेल्या गाळावर जुन्या बांधांच्या रेषा दिसत होत्या. आम्ही कडेला भाकरी सोडली. तो नातू मात्र न जेवता पाण्याकडे बघत उभा होता.

"काय रे?"

"साहेब, आमच्या आबांचं रान हितंच कुठंतरी हाय. पाण्याखाली."

मला ठाऊकच नव्हते. त्याचे आजोबा आपल्या कार्यक्षेत्रातील धरणग्रस्तांच्या वसाहतीत राहतात, एवढे माहीत होते. कुठल्या धरणाचे, ते मी वीस वर्षांत कधी विचारले नव्हते. हे आबा पाण्याच्या बाबतीत सबंध गटात प्रसिद्ध आहेत. सरी आड सरी पाणी देतात, पाट भरला की स्वतः उभे राहून बारे मोडतात, रात्री मोटर सोडून घरी झोपत नाहीत. लोक त्यांना चिक्कू म्हणतात. मी मात्र प्रत्येक शेतकरी मेळाव्यात त्यांचे उदाहरण द्यायचो. आमच्या मार्गदर्शनाचा परिणाम बघा, असे अभिमानाने सांगायचो!

परत आल्यावर त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "आबा, कधी बोलला नाही?"

आबा हसले. म्हणाले, "तुम्ही इचारलं नाही, साहेब. आमचं घर बुडवून आणल्यालं पाणी हाय ते. वाया कसं घालवू?"

मला पुढे बोलता आले नाही. माझ्या मार्गदर्शनाचा तिथे काही संबंध नव्हता.

आता थोडा हिशेब. एक एकरावर एक इंच पाणी उभे केले, तर ते सुमारे एक लाख लिटर होते. मोकाट पद्धतीने एका पाळीस आपण सहज तीन इंच देतो. म्हणजे एकरी तीन लाख लिटर. उसाला एवढे लागत नाही. उरलेले पाणी मुळांच्या खाली जाते, खत घेऊन जाते आणि निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार वर आणते. नदीकाठच्या किती जमिनी अशा पांढऱ्या पडल्या, ते आपण डोळ्यांनी पाहतो. ठिबकवर पाण्याची चाळीस ते पन्नास टक्के बचत होते. ज्यांना ठिबक आज जमत नाही, त्यांनी निदान आबांप्रमाणे सरी आड सरी पाणी द्यावे आणि मोठ्या बांधणीनंतर पाचट सरीत ठेवावे. त्याला पैसे लागत नाहीत.

ज्यांना हा फेरा करायचा आहे, त्यांच्यासाठी चार सूचना:

१. नोव्हेंबर ते मे हा काळ बरा. पावसाळ्यात अभयारण्यात प्रवेश बंद असतो. आतील वाटांवर वन खात्याची परवानगी घेतल्याशिवाय सायकल घालू नये.

२. नवी महाग सायकल हवीच असे नाही. साध्या सायकलीला रुंद, खाचांचे टायर बसवावेत आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. खडीवर चाक घसरत नाही. ब्रेक मात्र तपासून घ्यावेत, उतार लांबलचक आहेत.

३. पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, पंप आणि माणशी तीन लिटर पाणी जवळ असावे.

४. दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा. गवा दिसला तर थांबावे, घंटी वाजवू नये, त्याला वाट द्यावी. रान त्याचे आहे.

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी टेम्पोत पुढच्या सीटवर आबा बसणार आहेत. बांधांच्या त्या रेषांतली आपली कोणती, ते दाखवतो म्हणाले आहेत. ज्या तरुण सभासदांना यायचे असेल, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. मोटर चालू ठेवून मात्र कोणी येऊ नये.

— आपला,
ऊस विकास अधिकारी