आज्ञेचे नामकरण : ‘स्क्रॅच’ भाषेतील पुनर्वापरयोग्य कृती

आज्ञांचा एखादा समूह वारंवार लागू लागला म्हणजे त्यास एक नाव द्यावे आणि पुढे त्या नावानेच त्याला पाचारण करावे, हे तत्त्व संगणकाच्या आज्ञावली-लेखनाच्या मुळाशी आहे. भाषाभ्यासकाला ते अपरिचित नाही. अष्टाध्यायीच्या पहिल्याच सूत्रात पाणिनीने आ, ऐ, औ या स्वरांना ‘वृद्धि’ ही संज्ञा दिली. पुढे त्यांचे विधान करताना ती संज्ञाच पुरेशी ठरली. भेद इतकाच, की तेथे संज्ञा वर्णांना दिली आहे, तर आज्ञावलीत ती क्रियेला द्यावयाची असते. १९६७ साली फॉयर्झाइग, पॅपर्ट व सॉलोमन यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या ‘लोगो’ भाषेत हा भेद स्पष्ट दिसतो. तेथे नव्या कृतीची व्याख्या इंग्रजीतील ‘टू’ या शब्दाने, म्हणजे क्रियापदाच्या भाववाचक रूपाने, सुरू होते. मराठीत सांगावयाचे तर ‘चौरस काढणे’ ही व्याख्या आणि ‘चौरस काढ’ हे पाचारण होय.

लोगोच्याच परंपरेतील ‘स्क्रॅच’ ही भाषा मिचेल रेझ्निक यांच्या गटाने एम्.आय्.टी.च्या मीडिया लॅबमध्ये तयार केली व २००७ साली ती सर्वांस खुली झाली. नवशिक्यांसाठी योजलेल्या या भाषेत आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. ठोकळे एकमेकांस जोडावयाचे असतात. कृतीला नाव देण्याची सोय मात्र तीत आरंभापासून नव्हती. ती २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

घटना आणि कृती

स्क्रॅचची रचना घटनानुवर्ती आहे. ‘हिरवा झेंडा दाबला जाईल तेव्हा’, ‘हा संदेश मिळेल तेव्हा’ अशा शीर्ष-ठोकळ्यांखाली आज्ञांची माळ लटकते. व्याकरणदृष्ट्या शीर्ष हे कालवाचक गौणवाक्य असून त्याखालील प्रत्येक ठोकळा आज्ञार्थी वाक्य आहे. नव्या कृतीची व्याख्याही अशाच शीर्ष-ठोकळ्याने आरंभ पावते. रूप सारखे, परंतु कार्य सर्वस्वी भिन्न. घटना केव्हा करावे हे सांगते. व्याख्या एखाद्या नावाचा अर्थ काय हे सांगते. व्याख्या लिहून ठेवल्याने काहीच घडत नाही. कोणी तरी ते नाव उच्चारावे लागते.

या दोहोंची गल्लत झाली म्हणजे विद्यार्थी पुनर्वापरासाठी संदेश प्रसारित करण्याचा मार्ग धरतो. तो काही वेळ चालतोही. परंतु त्यात तीन उणिवा आहेत. संदेशाबरोबर कोणतेही मूल्य पाठविता येत नाही. संदेश सर्वच पात्रांच्या कानी जातो. आणि पहिली माळ पूर्ण होण्यापूर्वी तोच संदेश पुन्हा आला, तर ती अर्धवट सोडून आरंभापासून सुरू होते. नामांकित कृतीचे तसे नाही. ती पूर्ण झाल्यावरच पुढील ठोकळ्याची पाळी येते.

एक उदाहरण

लेखणी टेकवून ‘१०० पावले पुढे जा, ९० अंश वळ’ ही जोडी ४ वेळा केली की चौरस होतो. निरनिराळ्या मापांचे ३ चौरस हवे असतील, तर नवशिका ही माळ ३ वेळा उतरून घेतो. पुढे कोनात चूक आढळली, तर दुरुस्तीही ३ ठिकाणी करावी लागते व एखादी राहून जाते. कृती एकच लिहून बाजूचे माप प्रचल म्हणून बाहेरून दिले, की दुरुस्तीची जागा एकच उरते. आणखी एक पाऊल टाकून बाजूंची संख्याही प्रचल केली व वळणाचा कोन ३६० भागिले ती संख्या असा ठेवला, की त्याच कृतीतून त्रिकोण, षट्कोन आदी सर्व सुसम बहुकोन निघतात.

येथे एक गुण विशेष लक्षणीय आहे. कृती संपताना पात्र मूळ जागी व मूळ दिशेस परत आलेले असते. म्हणूनच चौरस काढून ३० अंश वळणे १२ वेळा केले असता फुलासारखी आकृती उमटते. स्वतःच्या खुणा मागे न ठेवणारी कृतीच निर्धास्तपणे अन्यत्र वापरता येते.

नावाचे व्याकरण

अनेक भाषांत कृतीचे नाव आधी व मूल्ये नंतर कंसात येतात. स्क्रॅचमध्ये प्रचलाची खिडकी नावाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी कोठेही ठेवता येते. मराठीसारख्या क्रियापदान्त भाषेस हे अनुकूल आहे : ‘[ ] पावलांचा चौरस काढ’ हे सरळ मराठी वाक्य होय. तथापि विभक्तीचा प्रश्न उरतो. ‘[ ]ला हाक मार’ असे नाव ठेवून खिडकीत ‘घोडा’ घातल्यास ‘घोडाला’ असे अशुद्ध रूप दिसते, कारण यंत्र सामान्यरूप करीत नाही. यावर उपाय असा, की प्रत्यय खिडकीस न लावता नावातीलच स्थिर शब्दास लावावा : ‘[ ] नावाच्या पात्राला हाक मार’. वरील चौरसाच्या नावातही प्रत्यय ‘पावले’ या शब्दाने पेलला आहे.

मर्यादा

स्क्रॅचमधील स्वनिर्मित ठोकळा केवळ आज्ञा होऊ शकतो. तो मूल्य परत देत नाही. म्हणजे नवे क्रियापद घडविता येते, नवे नाम नाही. उत्तर एखाद्या चलात ठेवावे लागते; आणि कृतीत आवर्तन असेल, तर मध्यंतरी दुसरी माळ तेच चल बदलू शकते. ‘पडदा ताजा न करता चालव’ हा पर्याय निवडल्यास अशा आवर्तनात खंड पडत नाही व हा धोका पुष्कळसा टळतो. दुसरी मर्यादा अशी, की व्याख्या ज्या पात्रात लिहिली त्याच्यापुरतीच असते. दुसऱ्या पात्रात तिची प्रत नेता येते, परंतु एका प्रतीतील सुधारणा दुसरीत उतरत नाही. पात्राच्या प्रतिकृती मात्र मूळ व्याख्याच वापरतात. म्हणून समान वर्तनाची अनेक पात्रे हवी असल्यास प्रतिकृतींचा मार्ग श्रेयस्कर. येन्स म्यॉनिग व ब्रायन हार्वी यांच्या ‘स्नॅप’ भाषेत मूल्य देणारे आणि सर्व पात्रांस उपलब्ध असणारे ठोकळेही करता येतात.

तेव्हा अध्यापनात ठोकळा कसा करावा याआधी कशास नाव द्यावे हे शिकविणे अगत्याचे आहे. ज्या माळेचे कार्य एका आज्ञार्थी वाक्यात सांगता येते, तीच स्वतंत्र कृती होण्यास योग्य. त्या वाक्यात ‘आणि’ घालावे लागले, तर तेथे बहुधा दोन कृती एकत्र झालेल्या असतात. आणि नावच सुचत नसेल, तर विचार अद्याप पुरा झालेला नसतो.